'इस्लामोफोबिया'ला मराठीत काय म्हणावं? द्वेष, भीती की गंड?

पाटीपेन्सिल :
आमच्या वाचनालयात १५ मार्चसाठी भित्तिपत्रक करतेय. २०१९ साली या तारखेला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत गोळीबार झाला, ५१ माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये हाच दिवस इस्लामोफोबियाविरोधी दिन ठरवला. मी मथळ्यात 'इस्लामद्वेष' लिहिलं होतं. कार्यवाहांनी त्यावर काट मारून 'इस्लामभीती' केलं. म्हणे, फोबिया म्हणजे भीतीच ना? त्यांचं चूक म्हणता येईना. पण ते वाचलं की वाटतं, गोळ्या घालणाराच बिचारा घाबरला होता. शुक्रवारी छपाईला द्यायचंय. काय लिहू?

शब्दखोर :
फोबियाला रुळलेला शब्द आहे, भयगंड. न्यूनगंड, अहंगंड तसाच. 'इस्लामभयगंड' लिहा, विषय संपला.

विदर्भी ऊन :
गंड म्हटला की पेशंट झाला ना भाऊ. मग त्याला गोळ्या द्या, पथ्य सांगा. 'ज्यूद्वेष' आपण सरळ लिहितो, ज्यूभयगंड कोणी लिहिते काय?

तळटीप :
द्वेष ठीक, पण कोणाचा? इस्लामचा की मुसलमानांचा? हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत काढला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापलं. धर्माची अशी चिकित्सा करणाऱ्यालाही 'इस्लामद्वेष्टा' चिकटवून मोकळे होणारे लोक आहेत. म्हणून मी 'मुस्लिमद्वेष' लिहीन. ब्रिटनच्या ज्या रनीमीड ट्रस्टच्या १९९७ च्या अहवालामुळे मूळ शब्द तिकडे सर्वतोमुखी झाला, त्यांनीच २०१७ मध्ये थोडक्यात अर्थ दिला तो 'मुस्लिमविरोधी वंशवाद' असा.

शब्दखोर :
मुसलमान हा वंश कधीपासून झाला?

तळटीप :
वंश नाहीच. पण आडनाव वाचून तोंड फिरवणारा, तुम्ही नमाज पढता का, हे कुठे विचारतो?

गोदाकाठ :
त्या ठरावावर भारताने आक्षेप घेतला होता, हेही लिहा. एकाच धर्माचं नाव का, हिंदू, बौद्ध, शिखांविरुद्धच्या द्वेषाचं काय, असा. 'धर्मद्वेष' लिहा म्हणजे कोणाचीच तक्रार नको.

विदर्भी ऊन :
आक्षेप असू द्या, त्याचा वेगळा फलक करा. पण शेजारच्या घरी मयत झाली तर दारात उभं राहून 'मरण सगळ्यांनाच आहे' म्हणता का?

खाडीपल्याड :
मी कोकणी मुसलमान. घरी कोकणी बोली, शाळा मराठी माध्यमाची. ठाण्यात भाड्याने घर बघत होते तेव्हाची गोष्ट. फोनवर भाडं, डिपॉझिट सगळं ठरलं. मग मी आडनाव सांगितलं. एजंट म्हणाला, "ताई, माझं काही नाही हो, पण सोसायटीत चालत नाही." आवाजात द्वेष नव्हता, भीतीही नव्हती. उलट ओशाळला होता बिचारा. या 'चालत नाही'ला तुमच्या कोशात काय शब्द आहे? शेवटी ज्या काकूंनी घर दिलं त्या फार मायाळू. पण आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या, "आम्ही चालवून घेतलं."

पाटीपेन्सिल :
ताई, पत्रकाची शेवटची ओळ 'सहिष्णुता वाढवू या' अशी आहे. आता तीच खुपायला लागली.

शब्दखोर :
का खुपावी? 'सह्' म्हणजे सोसणे, त्याला 'इष्णु' प्रत्यय. राजमुद्रेतल्या 'वर्धिष्णु'मध्ये तोच आहे. वर्धिष्णू म्हणजे वाढत राहणं ज्याच्या स्वभावात आहे तो, सहिष्णू म्हणजे सोसणं ज्याच्या स्वभावात आहे तो. इंग्रजी टॉलरन्सच्या मुळाशी असलेलं लॅटिन क्रियापदही सोसण्याचंच. अस्सल शब्द आहे. उगाच 'सलोखा' वगैरे बाजारू शब्द घालू नका.

खाडीपल्याड :
कोण कोणाला सोसतंय, तेवढं सांगा.

जुनाबाजार :
सलोखा बाजारू? अरबी 'सुलूक' म्हणजे वागणूक, त्यावरून आपलं सलूख, सलोखा. भिवंडी १९७० ला पेटली, १९८४ ला पेटली. १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्हीकडची माणसं पोलिसांसोबत एका सतरंजीवर बसायला लागली, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. 'मोहल्ला' अरबी, 'कमिटी' इंग्रजी. कुणाचं काही अडलं नाही.

शब्दखोर :
आमचे आजोबा सलोख्याची फोड 'स + लोक' अशी करत.

जुनाबाजार :
आजोबांना नमस्कार. तुमच्या 'बाजारू'तला बाजार मात्र फारसी आहे.

नाथषष्ठी :
एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद कोणालाच आठवत नाही? दोघे एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ सालटी काढतात आणि शेवटी गळ्यात पडतात. सोसत कोणीच नाही. आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद स्वतःची ओळख कशी देतात? "शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद". अविंध म्हणजे अविद्ध, कान न टोचलेला. लोकांनी वेगळेपणावर बोट ठेवायला वापरलेला शब्द, त्यांनी तोच उचलून अभंगात बसवला.

पाटीपेन्सिल :
हे माहीतच नव्हतं! पण मथळा राहिलाच. हल्ल्यानंतर तिथल्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न मृतांबद्दल जे म्हणाल्या ते ठळक छापायचं ठरतंय. कार्यवाह म्हणतात, 'ते म्हणजे आम्हीच'.

तळटीप :
'आम्ही' नको, वाचणारा बाहेर राहतो. इंग्रजीत एकाच शब्दात भागतं, आपल्याला निवडावं लागतं. 'ते म्हणजे आपणच' करा.

खाडीपल्याड :
'आपण' बरं आहे. पण मी तुमच्या वाचनालयात आले आणि ती ओळ वाचली, तर मी 'ते'मध्ये की 'आपण'मध्ये?

विदर्भी ऊन :
नाथषष्ठी, आमच्या घरात आता एकाही पोराचे कान टोचत नाहीत. म्हणजे आम्ही सारे अविंध?

नाथषष्ठी :
एक तरी भिकबाळीवाला असेल की.

गोदाकाठ :
भिकबाळी कोणत्या कानात घालतात?

जुनाबाजार :
उजव्या.