चिऱ्याचं जुनं घर: कौलं उतरवून स्लॅब टाकावा का?

लाल_माती: कोकणात जुनं घर दुरुस्तीला काढलं की पहिला सल्ला ठरलेला, "कौलं उतरवा, स्लॅब टाका." माझा याला ठाम विरोध आहे. चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, मातीच्या सांध्यात रचलेले असतील तर त्या भिंतींवर स्लॅब नकोच. कौलं, रिपा, वासे मिळून चौरस मीटरला साधारण 70 किलो. पाच इंची स्लॅब 310 किलो, त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा थर, केला की 500 च्या पुढे. सातपट ओझं कशाच्या जोरावर टाकायचं?

चौथरा: वजनाचा एवढा बाऊ नको, हिशेब करून बघा. खोली चार मीटर रुंद, म्हणजे एकेका भिंतीवर दोन मीटरचा स्लॅब. वर माणसांचा वावर धरून चौरस मीटरला 650 किलो घ्या. भिंतीच्या दर मीटरला 1,300 किलो आले. भिंत 15 इंची असेल तर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोसुद्धा होत नाही. प्रमाणित चिरा 35 किलो झेलतो. उलट कौलांचं बघा. वानरांचा एक कळप आला की रांगच्या रांग फुटते, आणि मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोलीकडे छपरं उडाली. स्लॅब उडाला नाही.

लाल_माती: चिरा झेलेल हो, सांधा नाही झेलणार. आणि त्रास नुसत्या खालच्या दाबाचा नाही. दहा मीटर लांब स्लॅब 25 अंशांच्या फरकाने अडीच-तीन मिलिमीटर वाढतो, रात्री आखडतो. भिंत त्याच्याबरोबर सरकत नाही. म्हणून स्लॅबखालच्या पहिल्या थरात आडवी चीर पडते, कोपऱ्यांत तिरकी. भूकंपात तर जड छप्पर आणि मातीचा सांधा ही जोडी जीवघेणी, 1993 ला किल्लारीने ते दाखवलं. वळचणीचंही कोणी बोलत नाही! कौलांची वळचण अडीच-तीन फूट बाहेर असते, स्लॅबचा छज्जा दीड फूट. तिरका पाऊस थेट भिंतीवर. चार-पाच पावसाळ्यांनी बाहेरून हात फिरवा, तळव्याला लाल भुकटी लागते आणि सांध्यात करंगळी जाते.

आढं_वासे: छप्पर कुजतं कुठे ते आधी बघा. वाशाचं भिंतीत गेलेलं टोक ओल धरतं, तिथेच वाळवी लागते. स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. अर्धा इंच सहज घुसला तर तो वासा गेला, मधला भाग कितीही ठणठणीत दिसू दे. अशा घराला चौकोनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा करून जुनीच कौलं परत चढवावीत. पण सांगाडा थेट चिऱ्यावर टेकवू नका. भिंतीच्या पूर्ण रुंदीचा सहा इंच उंच काँक्रीटचा पट्टा घ्या, 10 मिलिमीटरच्या चार सळ्या, दर सहा इंचांवर रिंग, सगळ्या भिंतींवरून अखंड. सांगाड्याचे बोल्ट ओततानाच त्यात सोडा. उतार 25 ते 30 अंश. वळचणीच्या खालच्या दोन रांगा आणि कडेची कौलं जस्ताच्या तारेने रिपेला बांधा, कौलाच्या मागच्या बोंडाला त्यासाठीच भोक असतं. वारा कडेनेच शिरतो आणि वादळात उडतात ती बहुतेक न बांधलेली कौलं.

चौथरा: पट्टा मान्य. आडव्या चिरेचं म्हणणंही खरं आहे. पट्टा गुळगुळीत करून त्यावर डांबरी कागदाचे दोन थर दिले की स्लॅब सरकायला मोकळा राहतो, पण हे करतं कोण! तरी वरचा मजला हवा असलेल्या कुटुंबाला कौलांचा काय उपयोग? त्यांनी स्लॅब भिंतीवर न टेकवता आतून वेगळ्या खांबांवर घ्यावा, भिंतीला न चिकटता.

लाल_माती: खांबांवर हरकत नाही, खड्ड्यांवर आहे. जुना पाया दोन-अडीच फूटच खोल असतो आणि खांबाचा खड्डा चार-पाच फूट जातो. भिंतीला लागून सगळे खड्डे एकदम खणले की पायाखालची माती सुटते आणि भिंत बसते. एक आड एक खणा, एकाचं काँक्रीट होऊन भराव ठोकल्याशिवाय शेजारचा उघडू नका. आणि हे काम पावसाळ्यात तर अजिबात काढू नका.