मदत हवी आहे : मॅरेथॉनच्या तयारीत घरच्यांची साथ किती आणि कशी मागावी?

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत मुंबईला फुल मॅरेथॉन पळायचं ठरवलंय. हाफ झाल्या आहेत, ४२.१९५ किलोमीटर मात्र पहिल्यांदाच. मी शिरोड्याला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. घरात सासूबाई, भावोजी-जाऊबाई, पुतण्या आणि माझी मुलगी. नवरा गोव्यात कंपनीत शिफ्टला असतो, त्यामुळे त्याचा रविवार कधी मोकळा असतो, कधी नसतो. बूट, पेस, व्यायाम यांवर इथले जुने धागे वाचून झालेत. माझा प्रश्न माणसांचा आहे.

आधी आमचं कॅलेंडर सांगते. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून अठरा आठवडे मागे गेलं की आपण भाद्रपदाच्या आसपास पोचतो. म्हणजे तयारी सुरू होते तेव्हा घर चाकरमान्यांनी भरलेलं, रात्री भजनं, दिवसभर चूल पेटलेली. ते आवरतं तोवर भातकापणी. आमची शेती थोडी आहे, पण गडी मिळत नाहीत, मग घरातल्या सगळ्यांनाच कोयती घेऊन उतरावं लागतं. दिवसभर वाकून कापणी केल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे वीस किलोमीटर पळायचं म्हणजे कंबर बोलते. कार्तिकापासून जत्रा, दशावतार, रात्रीची जागरणं. आणि अंतर सगळ्यात वाढतं तेव्हा मार्गशीर्षातले गुरुवार. तयारीचे जे तक्ते मिळतात त्यात यातलं काही धरलेलं नसतं. ज्याचं घर आणि गाव असं चालतं त्याने स्वतःचाच तक्ता बसवायला हवा, या मताला मी आले आहे.

आता साथीबद्दल. सुरुवातीला सासूबाई म्हणाल्या, "गो बाय, इतक्या धावान तुका गावतला काय?" पण त्याच आता रविवारी माझ्याआधी उठून मीठ घातलेली पेज करून ठेवतात. आरवलीच्या वेतोबाला त्यांनी चपलांचा नवसही बोललाय. पुतण्या अकरावीत आहे. तो पहाटे सायकल घेऊन बरोबर येतो, टोपलीत पाणी, केळी आणि कोकम आगळाची बाटली. काळोखात कुत्री अंगावर येतात, त्यामुळे त्याच्याशिवाय मी साडेचारला बाहेर पडूच शकत नाही. शाळेतली मैत्रीण मिठागराकडच्या सपाट रस्त्यावर पहिले काही किलोमीटर माझ्याबरोबर पळते आणि घरी जाऊन डबे करते. मोचेमाडला ओळखीच्या एक काकू आहेत. घाटी चढून मी येते तेव्हा त्या दारात उभ्या असतात. पाणी देतात आणि "चल गो, होतला" एवढंच म्हणतात. त्या दोन शब्दांवर पुढचे दोन किलोमीटर निघतात, हे मी मनापासून लिहितेय.

अडचण अशी की आता लाँग रन २५ च्या पुढे जाणार, पुढे ३० ते ३२ पर्यंत. माझ्या वेगाने ते जवळजवळ चार तास. पुतण्याला दर रविवारी चार तास सायकलवर ठेवायचं? त्याचा क्लास आहे, झोप आहे. तो नाही म्हणत नाही, पण म्हणूनच मला विचारायला संकोच वाटतो. भावोजी रिक्षा घेऊन येतो म्हणतात, पण रविवारी वेळागरच्या किनाऱ्यावर पर्यटक असतात, तो त्यांच्या धंद्याचा दिवस. जाऊबाई सकाळचं सगळं घर ओढतात आणि एका शब्दाने बोलून दाखवत नाहीत. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. सायकलवर बरोबर येणारा सगळ्यांना दिसतो, पण चुलीपाशी उभी असलेली जाऊ कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी एकत्र कुटुंबात राहून फुलची तयारी केली, त्यांनी कामं कशी वाटली? मार्गशीर्षातला उपवास मी सोडणार नाही, त्याचं काय करता? आणि सासूबाईंना शर्यतीला मुंबईला न्यायचंय, त्यांनी कुठे थांबावं?

– वेळागर

*

सडावाली :

वेळागरताई, मी रत्नागिरीची. दोन जावा, दोन दीर, सासू-सासरे अशा घरातून फुल पळाले आहे, म्हणून लिहिते.

एक तर जाऊन-येऊन सरळ रस्ता सोडा, फेऱ्यांचा मार्ग करा. घरापासून सहा-सात किलोमीटरची एक फेरी ठरवा आणि पाणी, केळी अंगणातल्या पेळेवर (कट्ट्यावर) ठेवा. पुतण्या काळोखाच्या पहिल्या फेरीला येईल, उजाडलं की झोपायला जाईल. पुढच्या फेऱ्यांना दर वेळी घरातलं वेगळं कोणीतरी बाटली हातात देईल. चार तास एकावर पडत नाहीत. काकूंची घाटी मात्र आठवड्यातल्या एखाद्या छोट्या रनला ठेवा, ती सोडू नका.

सासूबाईंना वजनाचं काम द्या. रनच्या आधी आणि नंतर वजन करून त्यांनी वहीत लिहायचं. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला आणि तेवढा भरून आला नाही. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग गार होत नाही, म्हणून तो वाहतच राहतो. पण नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही. रक्तातलं सोडियम उतरलं तर जिवावर बेततं. तुमचं आगळ मिठातलंच असतं, त्यात गूळ घालून पातळ करा. पोटात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं जायला हवीत, एका केळ्यात साधारण २५ असतात.

गुरुवारचं सोपं आहे. गुरुवार हाच विश्रांतीचा दिवस ठेवा. संध्याकाळी नैवेद्य दाखवून उपवास सुटतोच, तेव्हा पोटभर जेवा. शुक्रवार-शनिवार भात वाढवा. रविवारपर्यंत अंग भरून येतं.

कापणीच्या आठवड्यात लाँग रन निम्मा करा आणि ते घरी मोठ्याने सांगा. त्या एका आठवड्याने शर्यत जात नाही, पण तुम्ही शेतात उतरलात हे घर विसरत नाही. आणि जाऊबाईंना आठवड्यातून एक पूर्ण सकाळ सुट्टी द्या, ठरवून, वार लावून. माझ्या घरी याच एका गोष्टीने सगळं सुरळीत झालं.

*

वेंगुर्ल्याचा जावई :

मी स्वतः पळत नाही. बायको पळते, मी पिशवी घेऊन उभा राहतो, म्हणून त्या बाजूने सांगतो.

सुरुवात सीएसएमटीला असते. तिथे पहाटे म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. गर्दी असते, आणि तेव्हा पळणाऱ्याला कुणाची गरजही नसते. गरज लागते ३० किलोमीटरच्या पुढे. शरीरातला साखरेचा साठा साधारण तिथे संपत येतो आणि पाय जड होतात. त्या टप्प्यात एकच जागा धरा. रस्त्याची डावी बाजू की उजवी तेही आधी ठरवा, नाहीतर एकमेकांना शोधण्यातच वेळ जातो. तुमच्या अंदाजे वेळेच्या अर्धा तास आधी घरच्यांनी तिथे पोचायचं. हातात मोठ्या रंगीत कापडाचं काहीतरी असू द्या. चेहरे ओळखू येत नाहीत, रंग ओळखू येतो.

परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, पायऱ्या उतरता येत नाहीत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तुतारी किंवा कोकणकन्या हवी असेल तर त्याच सकाळी बसून काढा.

*

वेळागर :

सडावालीताई, फेरीचा मार्ग आजच भावोजींबरोबर रिक्षाने मोजून आले, साडेसहा भरतो. वजनकाटा जाऊबाईंच्या माहेरून येतोय. त्यांना बुधवारची सकाळ देतेय. त्या दिवशी पळणं संध्याकाळी, शाळा सुटल्यावर.

जावईबापू, एक राहिलं. सासूबाईंना फार वेळ उभं राहवत नाही. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे बसायला कट्टा, थोडी सावली आणि जवळ स्वच्छतागृह असलेली जागा कुणी पाहिली असेल तर नक्की सांगा. दादरला उतरणार आहोत, तिथून टॅक्सीने नेता येईल अशी हवी.