‘वृद्धाश्रमात ठेवलं’ की ‘वृद्धाश्रमात राहतात’?

रावपुरेकर:
बडोद्यात आमच्या घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती. त्यामुळे एकाच प्रकारच्या जागेला वृद्धाश्रम, ‘घरडांघर’ आणि हल्ली ‘केअर होम’ अशी तीन नावं कानावर पडतात. मावशीसाठी जागा बघतोय. तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय, हात धरल्याशिवाय उठता येत नाही. एका ठिकाणी फोन केला तर पहिलाच प्रश्न, ‘स्वतःचं स्वतः करतात ना?’ नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग नाही जमणार, हा वृद्धाश्रम आहे.’ मावशीला लागते तशा जागेला मराठीत काय म्हणावं?

मांजलपूरकर:
शुश्रूषागृह म्हणा. ‘सुश्रुषा’ लिहू नका, दोन्ही श आणि श्रू दीर्घ. संस्कृतात मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, त्यावरून सेवा. दुसऱ्याला काय हवंय ते आधी ऐकायचं आणि मग करायचं, हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो.

दांडियाबाजारकर:
शब्द सुंदर आहे, पण अडचण आहे. सरकारी मराठीत शुश्रूषागृह म्हणजे नर्सिंग होम, म्हणजे आपल्याकडचं छोटं खाजगी इस्पितळ. विलायतेत नर्सिंग होम म्हणजे म्हातारी, आजारी माणसं कायमची राहतात ती जागा. त्यामुळे ‘आजी नर्सिंग होममध्ये आहे’ असं तिकडून कळलं की इकडे सगळे घाबरतात. मी ‘निवासी शुश्रूषा केंद्र’ म्हणेन. लांब आहे, पण तिथे राहणं आणि सेवा दोन्ही आहे हे कळतं.

वृद्धाश्रम या शब्दाला निराधारपणा चिकटलाय, त्याला कायद्याचाही हातभार आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 19 मध्ये जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, निदान 150 जणांची सोय, असं म्हटलंय. पण ते निर्धन ज्येष्ठांसाठी. पेन्शनमधून दरमहा पैसे भरून राहणाऱ्या माणसाला तोच शब्द लावला की तो दुखावतो, आणि ते बरोबरच आहे.

माझा खरा आक्षेप क्रियापदाला आहे. मुलीला वसतिगृहात ‘ठेवलं’ म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. आईला मात्र वृद्धाश्रमात ‘टाकलं’ म्हणतात, तेही तिच्यासमोर! मोडका पंखा माळ्यावर टाकतात, माणूस नव्हे. ‘आई तिथे राहते’ म्हणा. जी बाई आपला डबा, औषधं, खिडकीजवळची खाट स्वतः ठरवते, ती राहतेच.

वाडीकर:
अपंगांच्या बाबतीतही हेच. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व आहे, शब्द ‘दिव्यांग’ झाला. पण नुसतं ‘दिव्यांग निवास’ लिहून कळत नाही की तिथे अंध मुलगा राहू शकेल की मतिमंदत्व असलेली प्रौढ बाई. पाटीवर ते स्पष्ट असावं. आणि आत राहणाऱ्यांना ‘लाभार्थी’ नको, ‘रहिवासी’ म्हणावं.

रावपुरेकर:
आभार. ‘निवासी शुश्रूषा केंद्र’ लिहून घेतलं. फोनवर मात्र नाव बाजूला ठेवून सरळ विचारतो: अंथरुणातून उठवायला, संडासला न्यायला रात्रीही मदतनीस असतात का? आणि आमची मावशी तिथे राहील, असंच म्हणतो.