29 दिवसांत चार दिवसांच्या एमटीबी शर्यतीची तयारी: 15,000 रुपये कुठे घालू?

फोंडेकर_42
नमस्कार मंडळी. शिमल्याच्या बाजूला होणाऱ्या चार दिवसांच्या एमटीबी (डोंगरी सायकलच्या) शर्यतीत माझ्या मित्राने नाव घातलं होतं. परवा त्याचा खांदा निखळला आणि आयोजकांनी त्याची जागा माझ्या नावावर करून दिली. हातात 29 दिवस आहेत. मध्ये चवथ येते आणि आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा.

वय 42, वजन 76 किलो. सायकल अ‍ॅल्युमिनिअमची हार्डटेल (शॉक फक्त पुढे), चाकं 29 इंची, पुढे 32 दाती एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागे 11 ते 42 दाती. टायरांत ट्यूब, पेडल साधे. दर रविवारी 60-70 किमी होतात, तेही बरेचसे डांबरी. चोर्ला घाट आजवर दोनदाच चढलोय.

प्रवासखर्च वेगळा काढलाय. तो सोडून 15,000 आहेत, त्यापुढे एक रुपया नाही. टायर ट्यूबलेस करू, क्लिपचे (बूट पेडलला अडकणारे) बूट-पेडल घेऊ की पुढच्या फोर्कची (शॉकची) सर्व्हिसिंग करू? आणि सराव कसा करू?

म्हापसे_एक्सप्रेस
हार्डटेल घेऊन हिमालयात जाऊ नकोस. चार दिवस उतारावर दणके खाऊन कंबर जाईल. मी गेल्या वर्षी 120 मिमीची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक) घेतली. दीड लाख गेले, पण आता खडकाळ उतारावर ब्रेकला हात लावावा लागत नाही. जुनी सायकल विक, थोडं कर्ज काढ. अशी संधी परत येत नाही.

चोर्ल्याचा_चढ
सराव एकच, चोर्ला. केरीहून अंजुणे धरणाकडून वरपर्यंत, खाली उतरून परत वर. आठवड्यातून तीनदा केलंस तर बाकी काही लागणार नाही. मी 2016 पासून हेच करतोय.

सांगेकर
ट्यूबलेस कर, आजच कर. खाणीच्या जुन्या रस्त्यावर एका सकाळी माझी तीन पंक्चरं झाली. तिसऱ्या वेळी पॅचही संपले. सायकल खांद्यावर घेऊन चालत आलो. त्यानंतर ट्यूबऐवजी सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरलं आणि आजवर पिशवीतली जास्तीची ट्यूब बाहेर काढलेली नाही.

फोंडेकर_42
@म्हापसे_एक्सप्रेस भाऊ, मुलीची फी याच महिन्यात भरलीय. बजेट 15,000 च आहे.

म्हापसे_एक्सप्रेस
मग निदान सेकंड हँड बघ. साठ-सत्तर हजारांत मिळून जाईल. आणि ट्यूबलेस तर हवंच.

दोन_चाकी_बाय
मी अशा दोन शर्यती पुऱ्या केल्यात आणि एक दुसऱ्या दिवशी सोडलीय. सोडलेली आधी सांगते.

पाय ठीक होते, दम ठीक होता. सीटवर बसवत नव्हतं. घरी एक दिवस 70 किमी मारलं की पुढचे सहा दिवस आराम, हीच सवय होती. सलग दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच घामात बसल्यावर काय होतं हे अंगाला ठाऊकच नव्हतं. वर नवी सीट लावून गेले होते. दुसऱ्या सकाळी शॉर्ट्स चढवताना डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा फोंडेकर, सीट, शॉर्ट्स, बूट यातलं काहीही आता नवं घेऊ नका. पॅडच्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही, आतून क्रीम लावायचं आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या शॉर्ट्स काढून अंघोळ करायची.

29 दिवसांत नवी ताकद फारशी येत नाही. सलग दिवस सायकल मारायची सवय मात्र लागते. शुक्र-शनि-रवि असे तीन दिवस ओळीने तीन-तीन चार-चार तास, कच्च्या रस्त्यावर. असं दोनदा करा. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा. त्या आठवड्यात घाबरून चोर्ला चढायला जाऊ नका.

दुसरं, उंची. चोर्ला साधारण 800 मीटरवर आहे. शिमलाच 2,200 आणि त्यापुढचं नारकंडा 2,700 च्या आसपास. समुद्रकाठचा माणूस तिथे पहिल्याच दिवशी घरच्या वेगाने चढायला लागला की दहा मिनिटांत संपतो. चार-पाच दिवस आधी पोचा. पहिले दोन दिवस हलकं चालवा, पाणी पीत राहा. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) स्वतःच्या मनाने काही करू नका, डॉक्टरांना विचारा.

तिसरं, पुढचे 32 दात तुम्हाला जड जातील. 28 चं चेनरिंग बसत असेल तर बसवा.

सांगेकर
ताईंचं सगळं पटलं, पण ट्यूबलेसचं कोणी विसरू नका.

डिचोलीकर
खाण्याचं कोणी बोललंच नाही. जेलच्या पाकिटांवर पैसे घालवू नका. मी सकाळी नाचणीची पेज पिऊन निघतो, खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि गूळ लावलेली पोई (आमच्याकडचा पाव). दुपारपर्यंत बघावं लागत नाही.

चोर्ल्याचा_चढ
पोई दोन तासांनी चामड्यासारखी होते. चढावर तोंडात घोळत बसते, श्वास घ्यायचा की चावायचं?

डिचोलीकर
सकाळची ताजी घ्या, बारीक तुकडे करा. तुम्ही आदल्या दिवशीची नेत असाल.

दोन_चाकी_बाय
दोघांचंही पोट तुमचं तुम्हाला माहीत. हिशोब ताशी 60 ग्रॅम कर्बोदकांचा ठेवा. एका मध्यम केळ्यात 25-27 ग्रॅम येतात. भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाने काहीतरी पोटात गेलं पाहिजे. सोबत ओआरएस. जे तिथे खाणार तेच इथे सरावात खाऊन बघा.

काणकोणचा_वारा
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. पाच दिवसांचा गणपती, घरात गणपतीवर फळं-फुलांची माटोळी बांधायची, पाहुणे, आणि तुम्ही पहाटे सायकल घेऊन बाहेर? घरचं मन मोडून केलेली तयारी कामाची नाही. पुढच्या वर्षी वेळ घेऊन जा.

फोंडेकर_42
@काणकोणचा_वारा घरात बोलणं झालंय. माटोळीचं सामान मीच आणणार, आरती चुकवणार नाही. पाच ते सात एवढा वेळ बायकोने स्वतःहून दिलाय.

पेडल_आणि_पाना
माझं सायकल दुरुस्तीचंच काम आहे, त्यामुळे चवीचं सोडून सांगतो.

पावसातल्या लाल चिखलाने ब्रेक पॅड किती लवकर जातात हे गोव्याबाहेरच्याला पटत नाही. जांभ्याची बारीक रेती पॅड आणि डिस्कच्या मध्ये जाते आणि कानशीसारखी घासते. परवा एक मुलगा चोर्ला उतरून थेट माझ्याकडे आला. पॅडचा मसाला पूर्ण संपून मागची पत्र्याची पट्टी डिस्कवर घासत होती, डिस्कवर बोटाला लागतील अशा खाचा. उतरताना कर्र कर्र आवाज येत होता म्हणाला, तरी थांबला नाही.

लांब उतारांना मऊ रेझिन पॅडपेक्षा मेटल पॅड जास्त टिकतात. पण आधी डिस्कवर काय छापलंय ते वाचा. ‘रेझिन पॅड ओन्ली’ असेल तर मेटल पॅड लावू नका, डिस्क खाऊन टाकतील. नवे पॅड इथेच लावा आणि वीसेक वेळा वेगातून हळूहळू ब्रेक दाबून बसवून घ्या.

मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, एक जास्तीचा न्या. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तिथल्या दुकानात तुमचा मिळेल याची खात्री नाही. एका दगडाला डिरेलर लागला आणि हँगर मोडला की शर्यत तिथेच थांबते. चेन किती ताणलीय तेही मोजून घ्या. चेनरिंग बदलाल तर चेनची लांबी तपासायची.

म्हापसे_एक्सप्रेस
फुल सस्पेन्शनला हँगर जरा सुरक्षित असतो.

पेडल_आणि_पाना
नाही हो, हँगर दोन्हीला सारखाच मोडतो.

सत्तरीतून
सायकल नेण्याबद्दल. मडगावहून थेट चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती आहे, पुढे शिमल्याला बस. दुकानातून रिकामा खोका मागून घ्या. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, मी ते चुकीच्या बाजूने पिळत अर्धा तास घालवला होता. चाकं काढली की ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घाला, चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटतात. डिरेलर हँगरपासून सोडवून फ्रेमच्या आत बांधा.

फोंडेकर_42
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. काल रात्री वहीत हिशोब मांडला.

ट्यूबलेस करत नाही. सांगेकर, तुमचा अनुभव खरा आहे, पण मी सीलंट कधी हाताळलेलं नाही आणि चालत्या शर्यतीत टायर रिममधून सुटला तर मला तो बसवता येणार नाही. ट्यूब मी अंधारात बदलतो. तीन ट्यूब आणि पॅच नेतो. क्लिपचे बूटही नाहीत. फोर्कची तेलपाणी सर्व्हिसिंग तेवढी करतो.

28 दाती चेनरिंग, चेन, पॅडच्या दोन जोड्या आणि हँगर धरून पैशातले निम्म्याहून थोडे जास्त उरतात. ते नारकंड्याला सहा दिवस आधी जाऊन राहण्यात घालतोय. ताईंनी चार-पाच म्हटलं होतं, मी एक वाढवला.

काल संध्याकाळी डिस्क पुसून बघितली. पुढच्या डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’च छापलंय. दोन्ही डिस्क बदलायला पैसे नाहीत, म्हणून रेझिनच्याच दोन जोड्या. देव बरें करूं, पाना भाऊ.

शुक्रवारपासून तीन दिवस ओळीने. पहिला दिवस तांबडी सुर्लाच्या बाजूला.

पेडल_आणि_पाना
रेझिन असेल तर दोन नाही, तीन जोड्या न्या. आणि शुक्रवारी परत आल्यावर चिखल वाळायच्या आत डिस्कवर साधं पाणी ओता, जोराचा पाइप मारू नका. पॅड काढून फोटो टाका, किती उरलेत ते सांगतो.

दोन_चाकी_बाय
आणि शनिवारी सकाळी शॉर्ट्स चढवताना कसं वाटलं ते लिहा.