उजवा बंद

बी-४०३: इअरबड्समधलं कुणाला कळतं का? दिवाळीत जुने एक्स्चेंजमध्ये देऊन नवे घेतले. पाच महिन्यांत उजवा बंद. जुने चालत होते हो!

सेक्रेटरी: नमस्कार. गुरुवारी पाणी बंद. शुक्रवारी सकाळी कमी दाबाने येईल. बुधवारी भरून ठेवणे.

ए-१०२ काका: चालत होते तर दिले कशाला?

बी-४०३: ७०० सुटत होते काका.

ए-१०२ काका: मग सुटले की.

सी-७०२: दादा, डबीत ठेवल्यावर उजव्याचा दिवा लागतो?

बी-४०३: कधी लागतो, कधी नाही.

सी-७०२: म्हणजे नीट चार्ज होत नाहीये. डबीच्या खाचेत बारीक पिना असतात, त्यावर घाम-मळ बसतो. कोरड्या कापसाच्या काडीने पुसा, पाणी नको. मग ब्लूटूथमधून नाव काढून परत जोडा.

बी-१०४: पुसापुशी झाली की ४०३ ची स्कूटरही माझ्या जागेतून काढा. तिसऱ्यांदा लिहितोय.

बी-४०३: स्कूटर भाडेकरूची आहे. इथे काय संबंध?

ए-३०१ काकू: माझा डावा रिक्षात पडला, उजवा शिल्लक आहे. जोडी जुळवायची का?

ए-१०२ काका: आधी पत्रिका बघा.

सेक्रेटरी: गुरुवारी पाणी बंद. बुधवारी भरून ठेवणे.

बी-४०३: पुसलं. वीस मिनिटं वाजला, परत गप्प. दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा. बिलात जुन्याचे ७०० वजा दाखवलेत. पैसे परत मिळाले तरी ते बुडालेच ना? जुने चालत होते!

डी-५०१ वकीलताई: फोनवर भांडू नका. लेखी द्या, व्हिडिओ जोडा, ते ७०० धरून रक्कम मागा. दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं.

ए-१०२ काका: सातशेसाठी आयोग! तापकीर गल्लीतून वायरवाला इअरफोन आणा. माझा चार वर्षं चालतोय.

बी-१०४: मग लावत जा की. सकाळी सहाच्या बातम्या अख्ख्या विंगला ऐकू येतात.

ए-१०२ काका: हा मेसेज हटवण्यात आला

सेक्रेटरी: विषयांतर नको. गुरुवारी पाणी बंद.

बी-४०३: वकीलताई, बिल सापडलं, पण छपाई उडालीये. सीरिअल नंबर दिसत नाही. खोकं भंगारात गेलं.

सी-७०२: डबीच्या झाकणाच्या आत बघा. मुंगीएवढ्या अक्षरात असतो बऱ्याचदा.

बी-४०३: आहे काहीतरी. ८ आहे की बी, कळत नाही.

ए-१०२ काका: माझ्याकडे भिंग आहे. नऊच्या आत ये. नंतर मी दार उघडत नाही.