लेखनिक म्हणून काम करायचे आहे. तयारी कशी करावी?

प्रश्न (वाणिज्य, द्वितीय वर्ष, पुणे):
राष्ट्रीय सेवा योजनेत माझे नाव आहे. वर्षाचे १२० तास वृक्षारोपण, स्वच्छता आणि जनजागृतीच्या फेऱ्यांत भरूनही निघतात. पण आपण नेमके कोणाच्या उपयोगी पडलो, हे मला सांगता येत नाही. वसतिगृहातील मैत्रिणीने अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होण्याचे, म्हणजे परीक्षेत ते सांगतील ते उत्तर लिहून देण्याचे, सुचवले आहे. माझे अक्षर बरे आहे, मात्र दुसऱ्याचे वर्ष आपल्या हाती असणार, या विचाराने धीर होत नाही. ज्यांनी हे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (चार वर्षे लेखनिक):
केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी खालचे असावे, अशी अट होती, आणि लेखी परीक्षेत ताशी किमान २० मिनिटे जादा मिळतात. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. जाणे-येणे धरून तो दिवस मोकळाच ठेवावा. परवानगीचे कागद परीक्षा विभागाकडून आधीच पूर्ण करून घ्यावेत, कारण ऐन वेळी पर्यवेक्षकाशी वाद घालण्यात गेलेली मिनिटे परीक्षार्थीची असतात.

अक्षरापेक्षा कठीण आहे ते स्वतःला आवरणे. माझ्या पहिल्याच पेपरला, इतिहासाच्या, समोरच्या मुलाचे एक अडखळते वाक्य मी लिहिताना जरा नीटनेटके केले. उत्तर वाचून दाखवताच तो म्हणाला, ‘हे मी सांगितलेले नाही.’ मी ते खोडले आणि त्याचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. मदत करण्याच्या भरात आपण कॉपी पुरवत असतो, हे मला तेव्हा उमगले.

उत्तर २ (एम.ए., राज्यशास्त्र):
मी स्वतः दृष्टिहीन आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. प्रश्नपत्रिका गुणांसह, पर्यायांसह, सलग दोनदा वाचून दाखवा; कोणता प्रश्न आधी सोडवायचा, हे मला त्यावरूनच ठरवायचे असते. माझे उत्तर चुकते आहे असे वाटले, तरी सुस्कारा टाकू नका. तो मला ऐकू येतो आणि मग मी बरोबर उत्तरही बदलून बसतो. परीक्षेआधी एकदा तरी भेटून जुनी प्रश्नपत्रिका तासभर लिहून पाहावी, म्हणजे माझ्या सांगण्याचा वेग आणि तुमच्या हाताचा वेग जुळतो.

आणि एकदा होकार दिला की यावे. मागच्या सत्रात रात्री दहा वाजता ‘उद्या जमणार नाही’ असा निरोप आला. रात्रभर फोन करून शेवटी अकरावीतली एक मुलगी मिळाली. ती बिचारी मनापासून लिहीत होती, पण ‘सार्वभौमत्व’ हा शब्द तिला अक्षरे फोडून सांगावा लागला, आणि शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला.

उत्तर ३:
२०१८ च्या त्याच सूचनांत निरनिराळ्या पेपरांना निरनिराळे लेखनिक घेण्याची मुभा होती. तेव्हा पहिल्या वेळी सगळे पेपर अंगावर न घेता भाषेचा एखादा घ्यावा. हिशेबाचे तक्ते तोंडी सांगणे आणि ऐकून आखणे दोघांनाही सरावानंतरच जमते. हे तास योजनेत धरले जातील का, ते तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारा.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. मराठीच्या एका पेपरासाठी उद्याच नाव देते. जुनी प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून आणली आहे.