विडो टेट्रा 7 सेमीचा: वाढ की नुसती चरबी?

ठाणेकर_तीनफुटी
काल इथे फोटो आला: फूटपट्टीवर झोपवलेला विडो टेट्रा मासा, खाली ओळ, "दिवसातून पाच वेळा खायला घाला, 7 सेमी होतो की नाही बघा." दोन फुटी टाकीत म्हणे असे बारा आहेत. रात्रभर राहवलं नाही म्हणून लिहितोय.

जिवंत मासा फूटपट्टीवर ठेवलातच कसा? अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की बुरशी धरते. आणि माप शेपटीच्या टोकापर्यंत घेतलंय. शेपटी सोडून मोजा, साडेपाच भरेल. विडो मुळात पाटीसारखा चपटा असतो, हा दोन्ही बाजूंनी फुगलाय. याला वाढ म्हणत नाहीत.

मी कुर्ल्याहून आठ पिल्लं आणली होती, नखाएवढी. पहिले सहा महिने दर चार दिवसांनी अर्धं पाणी बदललं. खाणं दोनदाच, चिमूटभर. त्यातल्या दोन माद्या आज शेपटी सोडून 6 सेमी आहेत. मासा वाढतो तो लहानपणी आणि स्वच्छ पाण्यात. ते वय गेलं की जास्तीचं खाणं पोटावर बसतं.

काळी_शेपटी
फोटो माझाच. मासा ओल्या हातावर होता, पट्टी खाली होती, तीन सेकंदांचं काम. सुके दाणे मी घालतच नाही. गॅलरीत बादली ठेवलीय, डासांच्या अळ्या गाळणीने काढून टाकतो. ताजं खाणं, फुकट. अर्धं पाणी बदला म्हणणं सोपं आहे, आमच्या सोसायटीत दिवसाआड टँकर येतो.

डोंबिवली_आई
अळ्यांची बादली? गॅलरीत? गेल्या वर्षी माझ्या मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स 22 हजारांवर आल्या. पाच रात्री खुर्चीत बसून काढल्यात मी. वरच्या मजल्यावर अशीच बादली सापडली होती. तुमचे मासे मोठे व्हावेत म्हणून शेजाऱ्यांनी सलाईन लावून घ्यायचं का?

काळी_शेपटी
ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण मी रोज गाळतो, एकही डास उडू देत नाही.

डोंबिवली_आई
एकही नाही, हे कशावरून? दोन दिवस गावाला गेलात की संपलं. उन्हाळ्यात आठवड्याभरात डास उडतो.

स्पंज_फिल्टर
आणि पाणी ओतून भागत नाही. एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची, मादी पाण्याच्या रेषेच्या वर, बादलीच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडून महिनोनमहिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. बादली काथ्याने घासावी लागते. अळ्यांऐवजी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबी) अंडी उबवा: लिटरभर पाणी, 25-30 ग्रॅम मीठ, हवेची नळी. एका दिवसात पिल्लं निघतात आणि त्यातून कुणाला ताप येत नाही.

ठाणेकर_तीनफुटी
अहो, धागा टेट्राचा होता. बादलीबाबत ताईंशी पूर्ण सहमत. पण दोन फुटी टाकीत जेमतेम 55 लिटर पाणी, त्यात बारा विडो, पाच वेळा खाणं, वर टँकरचं पाणी. नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठतं ते, कधी तपासलंत?

काळी_शेपटी
तपासलं नाही. पण मेलेही नाहीत. तुमच्या सहा महिन्यांत किती गेले, ते सांगा.

ठाणेकर_तीनफुटी
तीन. पहिल्याच आठवड्यात. क्लोरीन उडू न देता नळाचं पाणी थेट ओतलं होतं. चूक माझी, आजही टोचते.

स्पंज_फिल्टर
ताज्या खाण्याने पिल्लं भराभर वाढतात, तेवढं यांचं खरं आहे. माझे निऑन टेट्रा (विडोपेक्षा लहान जात) सुक्या दाण्यांवर अडीच सेमीला अडकले होते, आर्टेमिया सुरू केल्यावर तीनच्या वर गेले. पण निऑनचा विडो होत नाही. जातीची म्हणून एक मर्यादा असते.

काळी_शेपटी
काचेबाहेरून पट्टी लावून मोजलं. शेपटी सोडून 5.6. ठाणेकर, तुमचं बरोबर निघालं. पाच वेळचं दोन वेळा करतो. अर्धं नाही जमणार, पण टँकरच्या दिवशी एक बादली पाणी बदलेन. आणि ताई, अळ्यांची बादली आज घासून उन्हात उपडी घातलीय.

डोंबिवली_आई
कुंड्यांखालच्या ताटल्याही बघा.